जिन्याखालची हिरवी सायकल

अहो, ऐकलंत का? थांबा, अशा इकडे या, कढीलिंबाच्या बाजूला. तिथून वरच्या गॅलरीत सगळं ऐकू जातं. आणि डोळे का हो असे लाल? रात्री झोप नाही झाली? हं... त्याचंही सांगते, पण ते शेवटी. आधी कालची मीटिंग. कुकर लावून आलायत ना? किती शिट्ट्या झाल्या? एकच? मग वेळ आहे.

तर त्या भाड्याच्या, बॅटरीवरच्या स्कूटरी. काल रविवार. सकाळी दूध घ्यायला खाली गेले तर आमच्या गेटसमोर सात! सरळ उभ्या असत्या तर म्हटलं असतं, जाऊ दे. पण दोन आडव्या पडलेल्या, तिसरी त्यांच्यावर रेललेली, आणि एकीच्या बास्केटमध्ये भेळेचा कागद, त्यात वर चार चुरमुरे. दूधवाला क्रेट डोक्यावर घेऊन त्यांच्यावरून असा काही ढांगा टाकत आला, मला वाटलं आता हा आणि दूध दोन्ही रस्त्यावर. तळमजल्यावरच्या आजी नेमक्या देवळात निघालेल्या. त्यांच्या वॉकरचा पाय बरोब्बर चाकात. नाही हो, पडल्या नाहीत, वॉचमनने धरलं. पण आजींचं तोंड कोण धरणार? म्हणाल्या, "चालवणारा गेला घरी, मालक कुठे बसलाय देव जाणे, आणि पाय मोडणार तो माझा!"

झालं. आमच्या सेक्रेटरींना तेवढंच हवं होतं. बँकेतून रिटायर झाल्यापासून... तुम्हाला माहितीच आहे. लगेच ग्रुपवर मेसेज. संध्याकाळी सहाला पार्किंगमध्ये तातडीची सभा, उपस्थिती अनिवार्य. अनिवार्यच्या पुढे चार उद्गारचिन्हं. फ्लॅट 48, आले किती? अकरा. त्यातल्या एक वहिनी तर लिफ्ट खाली येईपर्यंत टेकल्या होत्या, त्या अडकल्या.

सेक्रेटरी उभे राहिले ते सिव्हिक सेन्सवरच. पाच मिनिटांत सहा वेळा मोजला मी. सार्वजनिक वस्तू दिसली की आपल्या लोकांना ती बेवारशीच वाटते, म्हणाले. मग म्हणाले, 2018 आठवा! आठवतंय ना तुम्हाला? 2017 च्या डिसेंबरात त्या अ‍ॅपवाल्या सायकली विद्यापीठात आल्या, महापालिकेने सायकल आराखडाही त्याच महिन्यात मंजूर केला, आणि मग आपल्या औंधात फुटपाथवर नुसत्या रांगा. मोबाइल दाखवला की कुलूप खटकन उघडणार, कटिंग चहापेक्षा स्वस्तात फिरून या, आणि वाटेल तिथे सोडा. माझ्या भावाने तर "पुणं पुन्हा सायकलींचं होणार" असं स्टेटस ठेवलेलं. स्वतः बुलेटवर फिरायचा, ते सोडा. एकामागून एक कंपन्या आल्या. ती चिनी ओफो तर त्याच वर्षी भारतातूनच गाशा गुंडाळून गेली. "आणि लोकांनी काय केलं त्या सायकलींचं?" सेक्रेटरी म्हणाले. "कुणी घरात नेल्या, कुणी स्वतःची कुलपं घातली, कुणी रंग मारून..."

आणि थांबले. पाणी प्यायले. मी तेव्हाच ह्यांना कोपर मारलं. हे मोठ्यांदा म्हणतात, "काय गं?" पुरुषांना काही म्हणजे काही कळत नाही.

तर काय सांगत होते... हां, लायसन्स. सेक्रेटरींनी बी विंगच्या वहिनींकडे बघत म्हटलं, "लायसन्स नसलेली पोरं या गाड्या उडवतात, हा पहिला गुन्हा." वहिनींचा धाकटा अकरावीत आहे ना, तो क्लासला त्यावरच जातो. वहिनी काय ऐकून घेतायत! ताडकन उठल्या. "गुन्हा कसला? मोटर 250 वॅटच्या आत आणि स्पीड ताशी 25 च्या आत असला तर कायद्याने ती मोटारगाडीच नाही. लायसन्स नको, नंबरप्लेट नको." सेक्रेटरींचा चेहरा असा झाला, जसं कुणी चेक परत पाठवलाय. म्हणाले, "मोटारगाडी नाही तर काय, बैलगाडी?" त्यावर आजी कोपऱ्यातून, "बैलगाडी कुणी वाटेत टाकून घरी जात नाही हो."

पण खरं सांगू का, सगळी मेख तिथेच आहे. नंबरच नाही, तर पावती फाडायची कुणाच्या नावाने? शेवटी कोणी सोडली ते कंपनीच्या अ‍ॅपला ठाऊक असणार, पण अ‍ॅप काय आजींना सांगायला येणारे? आमच्या लहानपणी शनिवारात सायकलचं दुकान होतं. पाव सायकल, अर्धी सायकल, तासाच्या भाड्याने. मळकी वही, त्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल, नाव लिहायचं आणि पळायचं. एकदा चेन पडली म्हणून मी ती ओंकारेश्वराजवळ भिंतीला टेकवून चालत आले. अहो, मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचलेली! दुकानदार बाबांना ऑफिसला जाता-येता बघायचा, बाबा त्याला. बाबांनी मला परत पाठवलं, ती सायकल हाताने ढकलत आणायला. गुडघ्यापर्यंत ग्रीस. आता त्या स्कूटरवाल्या पोरांच्या बाबांना कोण ओळखतंय?

पेट्रोलच्या गाड्यांना तरी नियम आहेत. केंद्राची 1997 ची योजना आहे, निदान पाच गाड्या असल्याशिवाय भाड्याने द्यायचं लायसन्सच मिळत नाही. आणि पाटी काळी, अक्षरं पिवळी. गोव्यात बघितल्या असतील तुम्ही. माझा भाचा गेला होता गोव्याला, शहाणा! दोनशे रुपये वाचवायला खोलीवाल्याच्या मेव्हण्याची पांढऱ्या पाटीची घेतली. खोलीवाल्याने पढवलेलं, पोलिसांनी विचारलं तर मित्राची आहे म्हणायचं. म्हापशाच्या अलीकडे धरलं. हा म्हणाला, मित्राची आहे. पोलिसाने गोड हसून विचारलं, "मित्राचं नाव काय?" ...ह्याला आठवेना!

हसताय काय, दुसरी शिट्टी झाली तुमची. आवरतं घेते.

तर तिसऱ्या मजल्यावरच्या, त्या पॅरिसला मुलाकडे राहून आलेल्या. आल्यापासून पोहेसुद्धा काट्याने खातात. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पॅरिसला..." आमच्याकडे बरं का! "...आमच्याकडे सरळ लोकांचं मत घेतलं." तिथल्या वेगळ्या हो, उभ्याने चालवायच्या, पोरांच्या खेळण्यासारख्या. आधी डझनभर कंपन्यांचा धुमाकूळ, मग नगरपालिकेने तीनच ठेवल्या, मिळून 15,000 स्कूटरी. लावायला जागा आखून दिल्या, स्पीड कमी केला, दंड लावले, तरी लोक कावलेलेच. शेवटी 2 एप्रिल 2023 ला मतदान. ठेवायच्या की नाही, एवढाच प्रश्न. एका कंपनीने त्या दिवशी फुकट फिरवून आणायची लालूचसुद्धा दाखवली. पण चालवणारी तरुण पोरं रविवारची लोळत पडली असणार, आणि आपल्या आजींसारख्या सगळ्या काठ्या टेकत रांगेत. शंभरातली आठ माणसंही फिरकली नाहीत म्हणे, पण आली त्यातल्या 89 टक्क्यांनी सांगितलं, नको! ऑगस्ट संपला आणि स्कूटरी गेल्या. सायकली मात्र आहेत अजून. तिथली ती वेलिब 2007 पासून चालूच आहे. तिला ठरलेले स्टँड असतात, स्टँडात चाक अडकवल्याशिवाय सुटका नाही.

हे ऐकून सेक्रेटरींच्या मिसेसना राहवेना. त्यांची मुलगी सिंगापूरला ना, मग पॅरिसला वर कसं जाऊ देतील? म्हणाल्या, "आमच्या सिंगापूरला मतदान वगैरे भानगडच नाही. सायकल लावायच्या जागेवर क्यूआर कोड असतो. तो स्कॅन करायचा, तरच जागेवर लावली असं धरतात. नाही केला तर पाच डॉलर दंड. वर्षात तीनदा तसं केलंत तर महिनाभर कुठल्याच कंपनीची सायकल मिळणार नाही." सगळे वा वा म्हणाले. मीही म्हटलं. खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं ते. एका दुकानदाराने नाव टाकलं की सगळ्या पेठेतली दुकानं बंद, तसंच की हे.

आणि इथे, अहो, इथे खरी गंमत! त्यांचाच नातू, तो तिसरीतला, खांबाला लोंबकळत होता. क्यूआर कोड ऐकलं मात्र आणि ओरडला, "आजी, आपल्या सायकलवर पण आहे क्यूआर कोड! जिन्याखालच्या! मी किल्लीने खरवडला तर खालून निघाला!"

शांतता. पंख्याचा आवाज येत होता नुसता.

तुम्ही बघितली असेल ती सायकल. हिरवी, पुढे बास्केट, सेक्रेटरी तिच्यावरून परिहार चौकातून भाजी आणतात. दिसायला भक्कम, टायर बघाल तर भरीव, हवा भरायचं नावच नाही. अशा टायरची सायकल कुणाच्या घरची असते का हो? पोरगं थांबतंय थोडंच! वॉचमनला घेऊन गेलं आणि दोघं ती सायकल ढकलत मीटिंगच्या मधोमध घेऊन आले. मी वाकून बघितली. मागच्या मडगार्डवर पाच बोटांएवढा रंग खरवडलेला, हिरव्या पापुद्र्याखाली काळे-पांढरे चौकोन. आणि तो हिरवा... अहो, आमच्या गेटचा हिरवा! 2018 च्या दिवाळीआधी गेट रंगवलं, तेव्हा ऑइलपेंटचा एक डबा उरला होता, माझ्या डोळ्यांनी बघितला होता मी. वार्षिक हिशेबात मात्र "शिल्लक रंग: निरंक".

मिसेसचा चेहरा म्हणाल तर... उतू गेलेलं दूध आवरताना होतो ना, तसा. पॅरिसवाल्या छताकडे बघायला लागल्या, पण हसू दाबत होत्या, खांदे हलत होते. सेक्रेटरी आधी म्हणाले, "ही ती नव्हे." मग म्हणाले, "ही बेवारशी होती." मग म्हणाले, "मी फोनसुद्धा केला होता, कुणी उचलला नाही, पावसात गंजण्यापेक्षा मी सांभाळली." आजींनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "म्हणजे दत्तक घेतलीत." आमचे हे इतके हसले, इतके हसले, की मी दुसऱ्यांदा कोपर मारलं. ते मात्र लगेच कळलं त्यांना.

नातू बिचारा मोबाइल मागत होता, "आजोबा, स्कॅन करून बघू, उघडते का?" आता कुठली उघडते? कंपनी गेली, अ‍ॅप गेलं, राहिला तो चौकोन.

मग काय, विषय बदलायला सेक्रेटरींनी घाईघाईने ठरावच मांडला. क्षेत्रीय कार्यालयाला पत्र द्यायचं, या स्कूटरींसाठी रस्त्यावर पांढरे पट्टे मारून जागा आखून द्या. हे मात्र शहाणपणाचं होतं, मीही हात वर केला. फक्त जागा कुठे, यावर अर्धा तास. बी विंग म्हणाली ए विंगच्या बाजूला, ए विंग म्हणाली डीपीपाशी, आजी म्हणाल्या वॉकर जाईल एवढी वाट सोडा आणि पुढे तुम्ही खड्ड्यात लावा. अकराच्या अकरा मतांनी पास झालं ते एवढंच, "आपल्या गेटपासून शंभर फूट लांब".

शंभर फूट म्हणजे... मी काही टेप घेऊन मोजलं नाही हो. पण आमच्या गेटपासून डावीकडे चालत गेलं, तर शंभर फुटांवर तुमची जास्वंदीची कुंडी येते.

आता रात्रीचं. साडेअकराला ते पीं पीं पीं पीं ऐकलंत ना तुम्ही, आणि मग कुत्री? म्हणून म्हटलं, डोळे लाल का. त्या स्कूटरींचं चाक लॉक असतं, ढकलता येत नाहीत, हलवली की किंचाळतात. आमच्या गॅलरीतून स्पष्ट दिसत होतं. सेक्रेटरी हँडलला, वॉचमन मागे, एकेक उचलून नेत होते. पत्राचं उत्तर यायच्या आधीच ठरावाची अंमलबजावणी. सातच्या सात.

आठ फेऱ्या झाल्या पण. मी मोजल्या. आठव्या फेरीला पीं पीं नव्हतं, आणि वॉचमनही नव्हता. सकाळी जिन्याखाली बघितलं, तिथे आता पायपुसणं वाळत घातलंय.

जरा तुमच्या मीटरच्या खोलीमागे बघून या हो. आणि हे बघा, माझं नाव... ती बघा, तिसरी. पळा!