पकड आधी खाली ठेवा

टायरमध्ये खिळा दिसला की आपल्याकडे माणसाचा हात थेट पकडीकडे जातो. ही सवय मोडायला हवी. ट्यूबलेस टायरमध्ये घुसलेल्या खिळ्याला रबर चहूबाजूंनी आवळून धरतं, म्हणून हवा हळूहळू जाते. कधी कधी दोन-तीन दिवस पत्ताही लागत नाही. खिळा उपटलात की भोक मोकळं आणि गाडी जागेवर बसली. तेव्हा खिळा राहू द्या. हवा भरा आणि सावकाश पंक्चरवाल्याकडे जा. हवा फारच उतरली असेल तर स्टेपनी लावा. ‘दुकान समोरच तर आहे’ म्हणत हवा गेलेल्या टायरवर गाडी रेटली, की टायरची बाजू आतून चिरडते आणि शंभर-दीडशेचं काम काही हजारांवर जातं.

पण खरा घोळ पुढे, दुकानात होतो. चाक गाडीलाच ठेवून खिळा ओढायचा, टोच्या फिरवायचा, चिकट स्ट्रिप कोंबायची, साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडा नाही ना, चला! घरी पोचायला हे ठीक आहे. त्यावर महिनोन् महिने हायवे तुडवणं हा जिवाशी खेळ आहे. टायर रिमवरून उतरवल्याशिवाय आत काय झालंय हे कुणालाच कळत नाही. कमी हवेवर धावलेल्या टायरच्या पोटात घासलेल्या रबराची काळी भुकटी सापडते. ती दिसली, की तो टायर भंगारात. भोकातून पाणी शिरलं तर नक्षीखालच्या पोलादी तारा गंजतात, आणि ते बाहेरून दिसत नाही.

पक्की दुरुस्ती आतून होते. टायर उतरवून आतला भाग घासायचा आणि मशरूम बसवायचा, म्हणजे दांडा भोकात आणि टोपी आतून चिकटलेली. वेळ लागतो, पैसे जास्त पडतात. पडू देत. भोक 6 मिलिमीटरहून मोठं असेल किंवा खिळा टायरच्या बाजूला घुसला असेल, तर मात्र नवा टायरच घ्या. तिथे घासाघीस नको.

आता रस्त्यांचं. सप्टेंबर 2025 मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ समृद्धी महामार्गावर रात्री गाड्या पंक्चर झाल्या आणि खिळे ठोकल्याची बोंब उठली. ते खिळे नव्हेत, तडे बुजवण्यासाठी इपॉक्सी भरायचे नोझल आहेत, असा खुलासा महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने (एमएसआरडीसी) केला. टायरला हा फरक कळत नाही. ताशी 120 किलोमीटरची परवानगी असलेल्या रस्त्यावर धातूची टोकं वर आलेली असताना गाड्या त्यावरून जाऊच कशा शकल्या? मार्गिका पक्की अडवल्याशिवाय असलं काम सुरूच होता कामा नये.

आणि गाडी घेताना डिकी उघडून बघा. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर कारमध्ये स्टेपनी देण्याची सक्ती 2020 पासून उरलेली नाही. पण हा संच बाजूने फाटलेल्या टायरला उपयोगाचा नाही. रात्री घाटात तो काय कामाचा, हे शोरूममध्येच विचारा.

पुढच्या वेळी पंक्चरवाल्याला एकच सांगा, ‘टायर उतरव आणि आतून दाखव.’ तो नाही म्हणाला, तर दुसरं दुकान गाठा.