शाल, श्रीफळ आणि त्रुटी

३१ मेला बीड जिल्ह्यात शालींचा तुटवडा पडतो. लग्नसराई उतरणीला लागलेली असते, मंगल कार्यालयवाले हुश्श करायच्या बेतात असतात, आणि नेमकी तेव्हाच सरकारी कचेऱ्यांमधली अर्धी माणसं म्हातारी होतात. तहसील, पंचायत समिती, पाटबंधारे, बांधकाम, शाळा, कुठंही डोकावा. खुर्चीवर फेटा बांधलेला एक माणूस आणि शेजारी नव्या साडीत अवघडून बसलेली त्याची बायको. अकराही तालुक्यांतली माणसं एकाच दिवशी कशी काय थकतात, असं बाहेरून बदलून आलेला साहेब पहिल्या वर्षी विचारतो. आपण विचारत नाही, कारण आपल्याही दाखल्यावर तीच तारीख आहे : एक जून.

ही तारीख आईनं दिलेली नाही, गुरुजींनी दिलेली आहे. जूनमध्ये शाळा उघडली की गुरुजी वस्ती-तांडा फिरायचे, पोरगं धरायचे आणि त्याला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाती लागला की पोरगं सहा वर्षांचं. तारीख? टाका एक जून. २०२५ च्या ३१ मेला जे घरी गेले त्यांचा कागदावरचा जन्म १ जून १९६७ चा. म्हणजे सहाव्या वर्षी नाव घातलं असेल तर ते १९७३ च्या जूनमध्ये. बहात्तरच्या दुष्काळानं गाव सोलून काढलेलं, आई खडी फोडायला, बाप पाझर तलावाच्या कामावर आणि पोराच्या पोटात सुकडी. तू अमावस्येला जन्मलास की पोळ्याला, हे सांगत बसायला कुणाला सवड होती? गुरुजींनी एका फटक्यात आख्ख्या वर्गाचा जन्म लावून दिला आणि बावन्न वर्षांनंतरचं मंगल कार्यालयही तिथंच बुक करून टाकलं.

बरं, टाकायचीच होती तर दोन जून तरी टाकायची. ज्या महिन्यात ५८ पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरीला निवृत्ती, पण जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीला, असा नियम आहे. (शिपाईमामांना ६० पर्यंत मुभा. साहेबाला कोण चहा देणार, हे सरकारला कळतं.) बहुतेकांची वार्षिक वेतनवाढ १ जुलैची. ३० जूनला जाणाऱ्यानं वर्ष पूर्ण भरलेलं असतं, तेव्हा त्याची वेतनवाढ बुडवू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगून टाकलं. एक जूनवाला अकरा महिन्यांवरच अडकला. गुरुजींनी एकच्या जागी दोन लिहिला असता तर महिन्याचा पगार आणि जन्मभराची एक वेतनवाढ पदरात पडली असती. इतका महागडा आकडा बीड जिल्ह्यात दुसऱ्या कुणी लिहिला नसेल. आणि इथं आकडे लिहिणाऱ्यांची वानवा नाही.

तर समारंभ. एकेकाचा वेगळा करायला ना वेळ असतो ना वर्गणी, म्हणून चार-पाच जणांचा मिळून उरकतात. सामुदायिक विवाहात जसं सगळ्या नवरदेवांना मिळून एकच मंगलाष्टक, तसं सगळ्या सत्कारमूर्तींना मिळून एकच भाषण. मनमिळाऊ. कर्तव्यदक्ष. हसतमुख. अजातशत्रू. गावात कुणी गेलं की चौकात जो फ्लेक्स लागतो त्यावरही हेच शब्द असतात. फ्लेक्सवाल्याला फक्त ‘भावपूर्ण’ नंतरचा शब्द बदलावा लागतो. साहेब रुजू होऊन तीन महिने झालेले. ते हातातल्या चिठ्ठीकडं बघत म्हणतात, ‘यांच्या जाण्यानं कार्यालयात कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे.’ हे मात्र शंभर टक्के खरं. ती जागा पुढची कितीतरी वर्षं भरली जात नाही. तिचा अतिरिक्त पदभार पलीकडच्या टेबलावर जातो आणि पलीकडचं टेबल टाळ्या वाजवतं तेव्हा त्याचा हात जरा जडच पडतो.

मग वहिनींना दोन शब्द बोलायला लावतात. त्या बिचाऱ्या माइकपासून दोन हात लांब उभ्या राहून म्हणतात, ‘आता तरी येळंवर जेवतील.’ आख्ख्या समारंभात विशेषण नसलेलं वाक्य तेवढं एकच.

माणसानं नेमकं काय केलं, हे कुणीच सांगत नाही. भाऊसाहेबांच्या कपाटाची एक चावी असते. तिला ओळखीसाठी चिंधी बांधलेली असते, आणि ती उलटी घालून, दार जरा उचलून फिरवली तरच कुलूप निघतं. आत लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे. वरच्या कप्प्यात भूसंपादन, मधे न्यायालयीन, खाली चौकशीची प्रकरणं, आणि त्याच्याही खाली ‘साहेबांनी चर्चा करा म्हणून ठेवलेली’. कुठल्या गठ्ठ्यात काय आहे, हे भाऊसाहेबांच्या डोक्यात. नोंदवही आहे, पण ती कोणत्या गठ्ठ्यात आहे तेही त्यांच्याच डोक्यात. म्हणून शनिवारी निरोप दिलेल्या माणसाला सोमवारी साडेदहाला फोन येतो : ‘काका, ती माजलगाव कालव्याची फाइल कुठंय हो?’ आणि काका गाडीला किक मारून येतात. फुकट येतात. महिनाभर येत राहतात. ‘तुमच्या अनुभवाचा लाभ आम्हाला असाच मिळत राहो’ हे भाषणातलं वाक्य साहेबांनी सहज म्हटलेलं नसतं.

सगळ्यांचंच जाणं असं गोड नसतं म्हणा. जिल्हाधिकारी सुनील केंद्रेकर यांच्या बदलीची बातमी २०१३ मध्ये आली तेव्हा बीडकर रस्त्यावर उतरले होते. पुढं हेच केंद्रेकर विभागीय आयुक्त झाले आणि २०२३ मध्ये मुदतीआधीच स्वेच्छानिवृत्ती घेऊन मोकळे झाले. अधिकारी चालला म्हणून गाव पेटतं, हे बीडनं एकदा तरी करून दाखवलं. कारकून चालला म्हणून गाव पेटत नाही, बुंदी-पुरीचं जेवण होतं. पण गावाची रोजची कामं ज्याच्यामुळं होतात किंवा अडतात, तो हा दुसराच माणूस असतो, आणि जेवणाच्या पंगतीत नेमके त्यानं अडवलेलेच लोक आग्रहानं वाढत असतात.

एसटीवाल्यांचा थाट याहून मोठा. चालकाची शेवटची फेरी असेल तर गाडीला झेंडूच्या माळा, काचेवर नाव, आगारात आल्यावर गुलाल. प्रवासीही खाली उतरून हात मिळवतात. एवढं प्रेम तहसीलच्या माणसाला सात जन्मांत मिळायचं नाही. पण गुलाल धुतला की कळतं, एसटीच्या माणसाला सरकारी पेन्शन नाही. त्याची ईपीएस ९५. त्या योजनेतली किमान पेन्शन २०१४ पासून महिन्याला एक हजार रुपये. ती साडेसात हजार करा म्हणून पेन्शनर मंडळी वर्षानुवर्षं उपोषणं करतायत. बऱ्यापैकी शाल घ्यायला गेलं तर हजारालाच येते. म्हणजे सत्काराच्या दिवशी त्याच्या खांद्यावर किमान पेन्शनीचा एक महिना टाकला जातो.

महसूलवाल्याचं तसं नाही. तो २००५ च्या नोव्हेंबरआधी लागलेला असेल तर जुन्या पेन्शनीचा मानकरी. मागच्या रांगेत बसलेली, त्यानंतर लागलेली पोरं त्याच्याकडं ज्या नजरेनं बघतात त्याला भाषणात आदर म्हणतात. २०२३ च्या मार्चमध्ये हीच पोरं ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर होती. आता मानकरी म्हटलं तरी मान कागदावर. निवृत्तीची तयारी दोन वर्षं आधी सुरू करायची, सहा महिने आधी प्रकरण महालेखापालांकडं पाठवायचं, असं पेन्शन नियमांत १९८२ पासून लिहिलेलं आहे. मराठवाड्याचे महालेखापाल नागपूरला. सेवापुस्तक आधी वेतन पडताळणीला जायचं, तिथून परत यायचं, मग ना-मागणी, ना-चौकशी, नामनिर्देशन, जोडीचा फोटो. पाटोद्याला असताना काढलेल्या रजेची नोंद नाही. धारूरच्या पानावर सही आहे पण शिक्का नाही. आष्टीच्या पानावर शिक्का आहे पण सही कुणाची ते कळत नाही. नोकरीला लागताना तो तलाठी होता, जाताना सरकारनं त्याला ग्राम महसूल अधिकारी केलं, नाव भारदस्त झालं. सेवापुस्तक मात्र जुनंच, उसवलेलं, मधली दोन पानं दोऱ्यानं शिवलेली.

मंजूर होणं आणि हातात पडणं यांतलं अंतर बीडकराला शिकवायला नको. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे १९९५ साली मंजूर झाली. त्या वर्षी नोकरीला लागलेल्या माणसानं दर निवडणुकीत तिची शिट्टी ऐकली. तो २०२५ च्या ३१ मेला शाल घेऊन घरी गेला आणि १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामदिनी, बीडच्या स्टेशनात गाडी आली. तीही अहिल्यानगरहून बीडपर्यंतच. परळी अजून पुढं आहे. पेन्शनचं प्रकरणही बहुधा बीडपर्यंत येतं आणि पुढचं काम प्रगतिपथावर राहतं.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. निमंत्रण पत्रिकेत दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मान्यवरांची मनोगतं, सत्काराला उत्तर एवढं सगळं असतं, तर शालीच्या आधी पेन्शनचा आदेश हातात देण्याचा कार्यक्रमही ठेवा. काही कार्यालयांत तो त्याच दिवशी देतातही. त्याचे फोटो पेपरात छापून येतात. ठरलेल्या दिवशी ठरलेलं काम झालं, ही बातमी होते, यावरून काय ते समजा. आणि आदेश तयार नसेल तर निवेदकानं शेर म्हणण्याऐवजी त्रुटींची यादी वाचून दाखवावी. मान्यवर व्यासपीठावरच असतात. कुणाची सही राहिली, तेही तिथंच कळेल.

आता काकांना फार बिचारं समजू नका. ‘उद्या या’ हे दोन शब्द त्यांनी नोकरीत किती लोकांना ऐकवले, याचा हिशेब त्यांनी ठेवलेला नाही. ऐकणाऱ्यांनी ठेवलाय. पेन्शनचं काय झालं म्हणून काका दिवाळीच्या तोंडावर आपल्याच जुन्या कचेरीत जातात. आस्थापनेच्या टेबलावर नवं पोरगं. ते उठून उभं राहतं, पाया पडतं, खुर्ची देतं, चहा सांगतं. शेजारच्या टेबलाला मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणतं, ‘देवमाणूस.’ मग गठ्ठा सोडून सेवापुस्तक काढतं आणि एका पानावर बोट ठेवतं.

‘काका, नागपूरहून त्रुटी निघाली बघा. २००९ च्या वेतननिश्चितीची नोंदच घेतलेली नाही.’

‘अरं, मग त्या वेळी टेबलाला कोण होतं त्याला विचार की.’

‘तुम्हीच होतात, काका.’