खातेवाटप

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत लोकशाही दरवर्षी जुलैत येते. पुस्तकं वाटून झाली, गणवेशाची मापं घेऊन झाली, की शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक. मुलांना लहान वयातच जबाबदारीची जाणीव व्हावी, हा हेतू. मोबाइलवर मतदान यंत्राचं ॲप मिळतं, बटण दाबलं की खरोखरीच्या यंत्रासारखं पींऽऽ वाजतं, आणि बोटाला स्केचपेनची शाई लागते. पहिलीचे मतदार चारही बटणं दाबायला बघतात, कुणाला वाईट वाटायला नको म्हणून. यंदा चौथीतल्या एका उमेदवाराने गणिताचा तास मैदानावर घेण्याचं आश्वासन दिलं आणि तो दणदणीत मतांनी मुख्यमंत्री झाला. गणित मी शिकवते. मला कुणी विचारलं नाही.

मग परिपाठानंतर शपथविधी आणि खातेवाटप. खरी गंमत इथून पुढे. कालपर्यंत निमूटपणे कागद उचलणारा पोरगा स्वच्छतामंत्री झाला, की कचरा उचलायचा थांबतो आणि दाखवायला लागतो. "ए, तो बघ, उचल." पाणीमंत्री नळापाशी उभा राहून आधी कुणी प्यायचं ते ठरवतो, आणि त्याच्या मामेभावाचा नंबर कायम पहिला असतो. हे यांना कुणी शिकवलं, असं विचारायची सोय नाही. गावातलीच मुलं आहेत.

शिस्तमंत्र्याचं खातं मात्र मला बरखास्त करावं लागलं. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी घातली. शिक्षकांच्या हातातली छडी गेली, पण आमच्या शिस्तमंत्र्याने लाकडी पट्टी काढली. कायद्यात मंत्र्यांचा उल्लेख नाही, एवढी पळवाट आठ वर्षांच्या मुलालाही सापडते. खातं गेल्यावर तो भिंतीला टेकून बसला आणि दिवसभर प्रत्येक गोष्टीला "नाही" म्हणू लागला. शाळेला विरोधी पक्षही मिळाला.

सगळ्यात जास्त चुरस असते ती पोषण आहार खात्यासाठी. १९९५ मध्ये ही योजना आली तेव्हा हजेरी भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. पुढे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच अन्न द्या म्हणून बजावलं, आणि शाळेत खिचडी शिजायला लागली. आता पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम तांदूळ असतो. मुलांना वाढायच्या अर्धा तास आधी शिक्षकाने चव घेऊन नोंदवहीत तसं लिहायचं असतं. सगळ्या शाळांतले सगळे शिक्षक 'चव चांगली' लिहितात. आमच्या आहारमंत्र्याने एकदा माझ्या नोंदीखाली पेन्सिलीने 'मीठ कमी आहे' असं लिहून सही ठोकली. तपासणीला आलेले साहेब वही चाळता चाळता तिथे थांबले आणि म्हणाले, "बाई, एवढी एकच नोंद खरी वाटते."

आता पालक. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असं सरकारने २०१५ मध्ये ठरवून दिलं. पालकांनी ते इतकं मनावर घेतलं की मुलाच्या पाठीवरचं ओझं शून्य टक्क्यांवर आणलं. दप्तर बाबांच्या खांद्यावर, पाण्याची बाटली आजीच्या हातात, आणि आपले मुख्यमंत्री दोन्ही हात मोकळे सोडून पुढे. रात्री साडेदहाला ग्रुपवर निरोप येतो, "बाई, उद्या प्रकल्पाला थर्माकोल चालेल ना? आमचा अजून किल्ल्याचा बुरूज राहिलाय." बुरूज सुरेख होतो. बाबांना नव्वद टक्के द्यायला माझी हरकत नसते, पण निकालपत्रकात त्यांचा रकाना नाही.

मुख्यमंत्र्यांच्याच वर्गात एक मुलगी आहे. तिचे आईबाप भल्या पहाटे कापूस वेचायला जातात. ती धाकट्याला आंघोळ घालते, शेळीला पाला टाकते, दाराला कुलूप लावते आणि किल्ली गळ्यात अडकवून, भावाचं बोट धरून शाळेत येते. तो अंगणवाडीत रमला तर तिकडे, नाही तर तिच्या शेजारी. परिसर अभ्यासाच्या चाचणीत मी प्रश्न घातला होता : 'तू घरी आईला कोणती मदत करतोस / करतेस?' मुख्यमंत्र्यांनी जेवल्यावर स्वतःचं ताट उचलण्यावर सहा ओळी लिहिल्या. हिची जागा कोरी.

"का गं, काहीच मदत करत नाहीस?"

"मदत नाही करत बाई. मीच करते."

गुण किती द्यायचे, ते मला कुठल्याच प्रशिक्षणात सांगितलेलं नाही. मी पूर्ण दिले. ती मंत्रिमंडळात नाही. अर्ज भरायच्या दिवशी धाकट्याला ताप होता, ती त्याच्यापाशी थांबली होती.

तेव्हा माझं मत असं झालंय की मुलाला पद दिलं की तोरा येतो आणि काम दिलं की काम होतं. आमच्या शाळेची घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा. ती मी तिसरीतल्या एका महाउपद्व्यापी पोराकडे सोपवली. शपथ नाही, बिल्ला नाही, फक्त एक लोखंडी दांडी. घड्याळाचा धडा त्याच्या डोक्यावरून गेला होता. आठवडाभरात तो मिनिटकाटा वाचायला लागला. पावसात गावातली निम्मी मुलं घरी राहतात तेव्हाही हा डोक्यावर पोतं घेऊन हजर असतो. तो नसला तर शाळा भरणार नाही, याबद्दल त्याच्या मनात शंका नाही.

मधली सुट्टी हल्ली रोज दोन मिनिटं आधी होते. मंत्रिमंडळाने या बाबतीत अद्याप एकही तक्रार केलेली नाही. मीही नाही.