आधी उजवा पाय

माझ्या विमानात बसायच्या जागेपाशी दोन इंच उंच अक्षरांत ‘एक्सपेरिमेंटल’ असं लिहिलेलं आहे. ते मी हौसेनं लिहिलेलं नाही. घरी बांधलेल्या विमानावर ते लिहावंच लागतं, असा अमेरिकेतला नियम आहे. आत आणखी एक पट्टी आहे, शेजारी बसणाऱ्याला दिसेल अशी. हे विमान हौशी माणसानं बांधलेलं असून नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा-नियमांत बसत नाही, असा तिचा मजकूर. बायको पहिल्यांदा बसली तेव्हा तिनं ती पट्टी दोनदा वाचली आणि म्हणाली, “‘हौशी’ हा शब्द फारच सौम्य आहे रे.”

आम्ही ओहायोत, डेटनजवळ राहतो. राइट बंधूंचं गाव. इथे मोकळं गॅरेज असलेल्या माणसाला विमान बांधावंसं वाटलं तर शेजारी पोलिसांना बोलवत नाहीत, उलट रिव्हेट मारायला मदत करतात. मीही सात वर्षं खपून किटमधून दोन आसनी विमान बांधलं. सांगलीचे मामा ते सगळ्यांना “आमच्या अमोल यादवांसारखंच” म्हणून सांगतात. कॅप्टन यादवांनी कांदिवलीत गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं आणि परवान्यांसाठी वर्षानुवर्षं लढा दिला. मला परवाना मुकाट्यानं मिळाला. त्या परवान्याचं मी काय केलं, ते पुढे येईलच.

विमानाचं पहिलं इंजिन फोक्सवॅगन बीटल गाडीच्या इंजिनावरून बेतलेलं, ८० अश्वशक्तीचं. एकटा असलो की छान उडायचं. पण ऑगस्टच्या दुपारी टाकी भरलेली, शेजारी बायको, अशा वेळी ते वर चढायचं म्हणजे भरलेली एसटी खंबाटकी घाट चढते तसं, दर वळणावर थांबून विचार केल्यासारखं. त्याच सुमारास डॉक्टरांनी मला १२ किलो वजन कमी करायला सांगितलं. माझं वजन ९२. मी रात्रभर विचार केला आणि १२ किलो कमी करण्याऐवजी ४० अश्वशक्ती वाढवली. ऑस्ट्रेलियन जाबिरू, सहा सिलिंडर, ३३०० सीसी, १२० अश्वशक्ती. जाबिरू हे तिकडे एका करकोच्याचं नाव आहे. पक्षी दिसायला सुंदर आहे. किंमत विचारू नका, घरात अजून कुणी विचारलेली नाही.

असा इंजिनाचा जातबदल केला की विमान पुन्हा परीक्षेला बसतं. दाट वस्तीपासून दूर, नेमून दिलेल्या टापूत, किमान ५ तास, आणि तेही एकट्यानं. “एकट्यानं” ही अट बायकोला फार पटली.

तयारीत मी कसूर ठेवली नाही, हे आधी नोंदवून ठेवतो. तिन्ही चाकांखाली काटे ठेवून वजन आणि तोल काढला. पेट्रोल इंजिनापर्यंत पुरेसं पोचतं का, हे पाहायची एक झकास पद्धत आहे. नाक चढणीच्या कोनात वर करायचं, नळी कार्ब्युरेटरपासून सोडवायची आणि मिनिटाला किती पेट्रोल येतं ते मोजायचं. पंपाशिवाय नुसत्या उतारानं येत असेल, तर इंजिनाला जास्तीत जास्त लागतं त्याच्या दीडपट आलं पाहिजे. आलं. ते मोजायला मी स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं नेलं होतं, आणि त्या रविवारच्या इडल्यांना जो वास आला त्याची परतफेड मी अजून करतोय. सहाही सिलिंडरांना तापमानाचे सेन्सर लावले. तेल बदललं, गळती पाहिली, बोल्ट न् बोल्ट तपासला, तपासल्याची लाल रंगाची रेघ ओढली. यादीत १४३ गोष्टी होत्या. १४३ खुणा केल्या.

शेजारच्या हँगरमध्ये एक म्हातारबुवा असतात, निवृत्त मेकॅनिक. बोलतात कमी, बघतात फार. उड्डाणाच्या दिवशी ते विमानाभोवती हळूच एक फेरी मारून आले. पंख्याच्या टोपणावर आईच्या सांगण्यावरून मी कुंकवाचं बोट लावलं होतं. त्यांनी खिशातलं फडकं काढलं, ते पुसलं, बोट नाकाशी नेऊन हुंगलं आणि गंभीरपणे विचारलं, “हे कुठून गळतंय?”

आईनं फोनवर आणखी एक सांगितलं होतं. “बसताना उजवा पाय आधी टाक.” मी तिला समजावलं की हे गृहप्रवेशाचं माप ओलांडणं नव्हे, हे विमानशास्त्र आहे. डाव्या पंखावरून चढलो, सोयीनं डावा पाय आधी टाकला आणि बसलो.

आता थोडं शास्त्रच सांगतो, कारण माझी फजिती त्याशिवाय कळणार नाही. पंखा एका दिशेनं फिरला की विमानाचं नाक एका बाजूला ओढलं जातं, म्हणून उडताना वैमानिक पायानं उलट बाजूचं सुकाणू, म्हणजे रडर, दाबून धरतो. बीटलवाल्या इंजिनाचा पंखा वैमानिकाच्या बाजूनं पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो. नाक उजवीकडे जातं, दाबायचा डावा पाय. जाबिरूचा पंखा घड्याळासारखा फिरतो. नाक डावीकडे, दाबायचा उजवा. राइट बंधूंनी १९०३ साली याच भानगडीसाठी दोन पंखे ठेवले आणि एक साखळी फुलीसारखी तिरकी ओवून ते एकमेकांच्या उलट फिरवले. हे सगळं मला ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की आमच्या मंडळाच्या गणपतीत मी यावर स्लाइड दाखवून चाळीस मिनिटं बोललो होतो आणि आरतीला उशीर केला होता.

ठाऊक नव्हतं ते फक्त माझ्या डाव्या पायाला.

थ्रॉटल पुढे ढकलला. १२० अश्वशक्ती काय असते ते पाठीला कळलं. नाक डावीकडे सरकलं, आणि चारशे तासांच्या सवयीनं डावा पाय इमानेइतबारे खाली गेला. नाक आणखी डावीकडे. पायाला वाटलं, कमी पडतंय, म्हणून त्यानं आणखी जोर लावला. धावपट्टीच्या कडेचे दिवे समोर आले, त्यांच्या मागे सोयाबीनचं शेत. सोयाबीनची पानं त्रिदली असतात, हे मी शाळेत शिकलो होतो, त्या दिवशी पडताळून पाहिलं. थ्रॉटल मागे ओढायचा शहाणपणा सुचण्याआधी उजवा पाय दाबला गेला, तोही अति. मग डावा. मग उजवा. अशी नागमोडी चालत असतानाच विमान उडालंसुद्धा. एकटा माणूस आणि एवढं इंजिन, त्याला माझ्या संमतीची गरजच नव्हती.

मिनिटाला दीड हजार फुटांनी वर जाताना इंजिन सुरेख चाललं होतं. सहाही तापमानं जागेवर, तेलाचा दाब जागेवर. नव्या इंजिनाचे लाड करायचे नसतात. पिस्टनच्या रिंगा नीट बसाव्यात म्हणून ते जोरात चालवावं लागतं. मीही धावपट्टीच्या टप्प्यात राहून, डोक्यावर घिरट्या घालत जोरात चालवलं. नाक मात्र सारखं डावीकडे. सरळ जायला उजवा पाय दाबून दाबून पोटरीत गोळा आला. रेडिओवर म्हातारबुवांचा आवाज आला, “खालून बघतोय. तू तिरका उडतोयस. उजवा पाय घरी विसरलायस का?”

उतरताना थोडा लांब आलो, म्हणून पुन्हा वर जायचं ठरवलं. पूर्ण थ्रॉटल दिला आणि डावा पाय परत खाली गेला. मघाचा सगळा पश्चात्ताप त्याच्यापर्यंत पोचलेलाच नव्हता. त्या खेपेला सोयाबीन वरून पाहिलं. दुसऱ्या खेपेला उतरलो, दोन उड्या मारून, पण धावपट्टीवर.

हँगरशी आलो तर म्हातारबुवा विमानाच्या शेपटीशी उभे. रडरच्या मागच्या कडेला बोटभर रुंदीची, वाकवलेली पत्र्याची पट्टी आहे. जुन्या इंजिनाची ओढ सावरून पायाला आराम मिळावा म्हणून चार वर्षांपूर्वी मीच, माझ्याच हातानं, ती बसवली होती. नव्या इंजिनाला ती बरोब्बर उलटी. इंजिन डावीकडे ओढत होतं, पट्टी डावीकडे ढकलत होती आणि मी डावीकडे दाबत होतो. १४३ गोष्टींच्या यादीत ती पट्टी नव्हती. म्हातारबुवांनी बोटानं ती एकदा टिचकावली. बोलले काही नाहीत.

पट्टी काढून उलट्या बाजूला वाकवून बसवलीय. बायकोनं कागदी टेपवर मार्करनं ‘उजवा पाय’ असं ठळक लिहून ती पॅनेलवर चिकटवलीय. म्हातारबुवांनी विचारलं, हा तुमच्या देवाचा मंत्र का? मी हो म्हटलं. आईला अजून काही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

लॉगबुकात ३६ मिनिटांची नोंद झाली आहे. ५ तासांपैकी ४ तास २४ मिनिटं बाकी आहेत. वजन ९२ आहे.