काटकसरीस लागणारे भांडवल

काटकसर हे गरिबाचे शास्त्र आहे असा समज फार जुना असला, तरी त्या शास्त्राच्या प्रवेश फीविषयी त्याचे आचार्य सहसा मौन पाळतात. 'बेगमी', म्हणजे वर्षभर पुरेल एवढा जिन्नस स्वस्ताईच्या दिवसांत भरून ठेवणे, हा त्यातील पहिला धडा होय. उन्हाळ्यात गहू घ्यावा, त्यास कडक ऊन दाखवावे आणि कडुलिंबाचा पाला घालून तो कोठीत भरावा, असा उपदेश वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून होत असतो. नाशिक जिल्ह्यातील नांदगावात एका खोलीत राहणाऱ्या रोजंदारीच्या कुटुंबाने तो मनावर घ्यावयाचे ठरविल्यास त्यास एकरकमी पैसा, गच्ची, कोरडी जागा आणि न हलणारा संसार एवढ्या वस्तू आधी उसन्या आणाव्या लागतील. शिवाय भाडेकरार सामान्यतः अकरा महिन्यांचा आणि बेगमी बारा महिन्यांची असल्याने उरलेल्या गव्हास अखेरचा महिना टेम्पोत काढावा लागतो.

याच नांदगाव तालुक्यात मनमाड येथे भारतीय अन्न महामंडळाची गोदामे आहेत. सरकारला धान्य साठवावयास गोदाम, रेल्वेचे रूळ आणि पहारेकरी लागतात. गृहिणीस मात्र पाला पुरतो. ज्यांच्यासाठी हे धान्य साठविले जाते, त्या प्राधान्य कुटुंबांना २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ते माणशी दरमहा ५ किलो या मापाने मिळते, म्हणजे बेगमीचा मोह होण्याचे कारणच राहत नाही.

कांद्याची कथा याहून तिखट आहे. ज्या लहान शेतकऱ्याकडे कांदाचाळ, म्हणजे चहूबाजूंनी वारा खेळणारी साठवणीची शेड, नसते, तो उन्हाळ कांदा काढणीबरोबर मिळेल त्या भावाने विकून मोकळा होतो आणि दिवाळीच्या सुमारास घरापुरता कांदा पावकिलोने विकत घेतो. पाणी जपून वापरण्याचा सल्लाही याच जातीचा. मनमाडसारख्या, नळाला कित्येक दिवसांनी पाणी येण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या शहरात तो जमिनीखाली टाकी असणाऱ्यासच पाळता येतो, कारण दोन हंड्यांत बचत मावत नाही.

गरिबास तीच वस्तू महाग पडते, हे डेव्हिड कॅप्लोविट्झ या समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या गरीब ग्राहकांविषयी १९६३ साली ग्रंथ लिहून दाखविले. नांदगावात हा सिद्धान्त किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत दर संध्याकाळी नोंदला जातो. पुरवण्यांच्या संपादकांना विनंती एवढीच की, पुढील उन्हाळ्यात बेगमीची कृती छापताना साहित्याच्या यादीत गव्हाच्या वर 'स्वतःचे घर, एक' असे अवश्य लिहावे.