पाचव्या मजल्यावरचं विनॉक्सिश्वसन

लिफ्ट बंद होती. वॉचमन म्हणाला, "बसा साहेब, अर्ध्या तासात चालू होईल." बसलोही असतो, पण शेजारची दहावीतली मुलगी टणाटण जिना चढून गेली आणि पन्नाशी उलटलेल्या माझ्या अंगात खुमखुमी शिरली. खांद्यावर दहा किलो आटा, खिशात बायकोनं मागवलेली यीस्टची पुडी आणि दोन-दोन पायऱ्या एकदम!

पाचव्या मजल्यावर मांड्या पेटल्या. आट्याला मिठी मारून मी पायरीवर बसलो. मुलगी खाली डोकावली. "काका, स्नायूंना ऑक्सिजन पुरेना. विनॉक्सिश्वसन चाललंय तुमचं. खिशातलं यीस्टही तेच करतं."

"तेच म्हणजे?" एवढाच श्वास शिल्लक होता.

दोघंही ग्लुकोज पायरुविक आम्लापर्यंतच फोडतात. कमाई एटीपीचे दोन रेणू. ऑक्सिजन असता तर तीसच्या आसपास. पुढे वाटा फुटतात. यीस्ट त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि उरलेल्याचं अल्कोहोल करतं. वायूनं पाव फुगतो, अल्कोहोल भट्टीत उडून जातं. स्नायू मात्र कार्बन सोडतच नाही. सगळ्याचं लॅक्टिक आम्ल करतो. खटाटोप एकच: एनएडी नावाचा हमाल ओझं उतरवून पुढच्या खेपेला मोकळा करायचा.

"म्हणजे मी फुगणार नाही?"

"स्नायूंमुळे नाही," माझ्या पोटाकडे बघत ती म्हणाली.

अल्कोहोलची सोय आपल्याला का नाही, हे विचारायचं धाडस झालं नाही. ती गोल्डफिशला आहे, हे नंतर वाचलं. त्याचा भाऊबंद क्रुशियन कार्प गोठलेल्या तळ्यात ऑक्सिजनविना महिनोन्महिने तगतो; स्नायूंत लॅक्टिक आम्लाचं अल्कोहोल करून कल्ल्यांवाटे सोडतो. तेव्हा त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडतं. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला ३० ची मर्यादा!

संध्याकाळी पीठ दुप्पट झालं. बायको म्हणाली, "बघा, जागचं न हलता कसं वर आलं!"

दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा सोडवेना. ऑफिसात "लॅक्टिक ॲसिड" असं भारदस्त कारण सांगून सहानुभूती मिळवली. मुलीनं तीही घालवली. ते आम्ल म्हणे तासाभरात निघून जातं. काही यकृतात जाऊन पुन्हा ग्लुकोज होतं. (हे चक्र शोधणाऱ्या कोरी दांपत्याला १९४७ चं नोबेल मिळालं.) दुसऱ्या दिवशीचं दुखणं सवय नसलेल्या स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचं.

आता कुणी विचारलं, तर मी बाम चोळत "हवा बदललीय" म्हणतो.