इमामपूर घाटातल्या टोचनवाल्या शेठना खुले पत्र

शेठ,

पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहायची रीत आहे. तुमच्यासाठी तो लिहायला हात वळत नाही.

इमामपूर घाटातून घोडेगावच्या बाजाराकडे उतरणारी तुमची जुनी पिकअप आम्ही पाहिली. कांद्याच्या गोण्या पार केबिनच्या वर गेलेल्या. तिच्यामागे बंद पडलेली तुमचीच दुसरी पिकअप, तीही भरलेली, नायलॉनच्या दोराने टोचन केलेली. रात्रीची वेळ, मागच्या गाडीला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. सकाळचा लिलाव चुकू नये आणि दुसऱ्या गाडीचं भाडं पडू नये, एवढ्यासाठी हा खेळ. ती रात्र निभावली, आणि आता टपरीवर बसून जुन्या इंजिनाच्या ताकदीचे गोडवे गाता!

गाडी ओढते हे कुणीच नाकारत नाही. ती थांबणार कशी, तेवढं सांगा. अशी पिकअप कोरी असताना कंपनी सव्वा ते पावणेदोन टनांची क्षमता देते. ५० किलोच्या ६० गोण्या म्हणजे ३ टन. तुम्ही पाटे वाढवून घेतले, त्यामुळे गाडी मागून बसत नाही. ब्रेकचे लायनर मात्र होते तेवढेच राहिले. मागची भरली गाडी येऊन धडकली तर तिचाही भार त्यांच्यावरच. उतारावर लायनर आणि ड्रम तापतात, पकड जाते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर उकळतं आणि पेडल तळाला टेकतं. त्यात ड्रायव्हरला तुमची ताकीद: उताराला न्यूट्रल कर, डिझेल वाचव. इंजिनाचा जो आधार उरला होता, तोही तुम्ही काढून घेतलात.

मागच्या गाडीतल्या पोराचं काय? इंजिन बंद म्हणजे ब्रेकला व्हॅक्यूमची मदत नाही. दोन्ही पाय रोवले तरी गाडी हवी तशी आवरत नाही. दोर ढिला पडला की तो पुढच्या गाडीवर जाणार, झटका बसला की दोर तुटणार. मग खालून येणारी एसटी किंवा दुचाकीवरचं कुटुंब त्याच्या समोर.

गाळपाच्या दिवसांत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना शिव्या देण्यात तुम्ही सगळ्यांच्या पुढे असता, हेही लक्षात आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. जादा वजनाला २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. टोचन करताना वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा, दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको. तुम्हाला या दंडाची भीती नाही, कारण तो ड्रायव्हरच्या पगारातून कापता. त्याने नाही म्हटलं तर उद्या दुसरा आणता. अपघात झाला तर गुन्हा त्याच्यावर, दवाखान्यातली खाटही त्याचीच. हाच राग आहे आमचा, शेठ. भाडं तुम्ही वाचवता आणि जीव दुसऱ्यांचे लावता.

बंद पडलेल्या गाडीतला माल दुसऱ्या गाडीत भरा, गाडी क्रेनने हलवा. हंगामाआधी लायनर बदला, आरसी बुकात लिहिलंय तेवढंच भरा. हे खर्चिक वाटत असेल तर पुढच्या खेपेला घाट उतरताना मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर स्वतः बसा.

त्या घाटातून रोज जाणारा एक नगरकर